उजवा हात दुखायच्या आधीच डाव्या हाताने माउस शिकून घ्या: मी कशी शिकले ते सगळं सविस्तर

मालवणात राहून मी बोटवाल्यांचे आणि देवगडकडच्या थोड्या आंबा बागायतदारांचे हिशेब बघते, म्हणजे टॅली, एक्सेल, जीएसटीची रिटर्नं, डिझेल आणि बर्फाची बिलं, सीझनला पेट्यांची बिलं, असं दिवसभर कॉम्प्युटरसमोर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी वाटलं सीझन आहे, जास्त काम झालंय, जाईल आपोआप, मग एक दिवस कुकरचं झाकण लावताना अशी कळ आली की झाकण खालीच ठेवलं. डॉक्टर म्हणाले अंगठ्याच्या बाजूच्या शिरांना सूज आहे, या दुखण्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, १८९५ साली त्या नावाच्या स्विस सर्जनने ते नोंदवलं म्हणून. पट्टा दिला आणि हाताला आराम द्या म्हणून सांगितलं. आता आराम द्यायचा म्हणजे माउस सोडायचा, आणि माउस सोडून बिलं कोण काढणार.

म्हणून डावा हात. आज मी अर्ध्याहून जास्त काम डाव्या हाताने करते आणि मला मनापासून वाटतं की जो कोणी रोज चार-पाच तास माउस धरतो त्याने हे दुखायच्या आधी शिकावं. दुखत असताना शिकलं की घाई होते, चिडचिड होते, आणि त्यात डावा हातही दुखवून बसतो. मी नेमकं तेच केलं होतं पहिल्या आठवड्यात, म्हणून सगळं नीट लिहितेय.

डावा हात आजवर काय करत आलाय

हे कळल्याशिवाय पुढचं जमत नाही. नारळ फोडताना बघा, डावा हात नारळ धरतो आणि उजवा कोयत्याचा घाव घालतो. फणस फोडला की डावा हात धरून ठेवतो, उजवा गरे काढतो. लिहिताना डावा हात वही धरतो. म्हणजे डावा हात कमजोर बिलकुल नाहीये, त्याला आयुष्यभर धरायचं काम दिलंय, नेम धरायचं काम कधी दिलंच नाही. त्यामुळे त्याच्या हातात माउस दिला की तो काय करतो, तर नारळ धरल्यासारखा घट्ट धरतो. खांदा वर जातो, श्वास अडकतो, बोटं पांढरी पडतात आणि पाच मिनिटांत मनगट भरून येतं. शिकायचंय ते हे, की सैल धरून नेम कसा धरायचा. बाकी क्लिक वगैरे फार पटकन येतं.

आणि माउस उजव्याच हाताचा असं काही मुळात ठरलेलं नाहीये. १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला तो एक लाकडी डबी होती, खाली दोन चाकं. १९६८ च्या डिसेंबरमध्ये एंगेलबार्टने तो लोकांसमोर चालवून दाखवला तेव्हा उजव्या हातात माउस होता कारण डाव्या हाताखाली पाच बटणांचा वेगळा छोटा कीबोर्ड होता. तो छोटा कीबोर्ड पुढे चालला नाही, माउस मात्र उजवीकडेच राहिला.

कधी सुरू करायचं

सीझनमध्ये अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये पेट्या सुटत असतात, फोन वाजत असतो, तेव्हा नवीन हात शिकायला घेतला की दुसऱ्या दिवशी सोडून देणार. आमच्याकडे १ जूनपासून मासेमारी बंद होते, आंबा पण संपलेला असतो, तेव्हा बिलं कमी असतात, मी तेव्हाच सुरुवात केली. तुमच्याकडे दुकान असेल, सेतू केंद्र असेल, शाळेचं ऑफिस असेल, तुमचा जो ढिला महिना तो धरा. फक्त मार्चएंड नको.

टेबल आधी, माउस नंतर

यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. माउस नुसता उचलून डावीकडे ठेवतात, पण डावीकडे आधीच बिलबुकं, पंच, स्टेपलर, चहाचा कप असं सगळं असतं त्यामुळे माउसला वीतभर जागा उरते. आधी तो सगळा पसारा उजवीकडे न्या. प्रिंटर डावीकडे असेल तर त्याचीही जागा बदला, एकदाच त्रास आहे.

मग कीबोर्ड. मोठ्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असतो ना, त्याच्यामुळे उजवीकडचा माउस शरीरापासून खूप लांब जातो आणि आपण दिवसभर हात बाहेर फाकवून बसतो, खांदा दुखतो तो त्याच्यामुळे. डावीकडे असा काही अडथळाच नाही, कीबोर्ड संपला की लगेच माउस. तर कीबोर्ड असा ठेवा की जी आणि एच ही अक्षरं तुमच्या बेंबीच्या समोर येतील, आणि माउस डाव्या खांद्याच्या सरळ समोर. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात, हात टेबलावर टेकलेला. खुर्ची खाली असेल तर खाली उशी घ्या, कारण टेबल उंच पडलं की खांदा वर जातोच.

आमच्या बऱ्याच ऑफिसांत टेबलावर काच असते आणि काचेखाली कॅलेंडर, फोटो, व्हिजिटिंग कार्डं. साध्या ऑप्टिकल माउसला पारदर्शक काच चालत नाही, पॉइंटर उड्या मारतो, आणि आपल्याला वाटतं डाव्या हाताला जमत नाहीये. पॅड घ्या, नाहीतर जाड पुठ्ठा ठेवा. कापडी पॅड पावसाळ्यात दमट होतं आणि माउस त्याच्यावर अडकतो, म्हणून मला रबरी खालचं आणि वरून गुळगुळीत असलेलं पॅड बरं वाटतं, ते पुसता येतं.

कुठला माउस

तुमचा आहे तो उलटा करून, सुलटा करून बघा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर तोच चालेल, नवीन काही घेऊ नका. डेलचा एमएस ११६ किंवा लॉजिटेकचा बी १०० हे जे साधे वायरवाले माउस सगळ्या ऑफिसांत दिसतात ते दोन्ही हातांना सारखेच आहेत. पण ज्याच्या डाव्या बाजूला अंगठ्यासाठी खड्डा केलेला असतो तो फक्त उजव्या हाताचा, तो डाव्या हाताने धरलात की करंगळी त्या खड्ड्यात जाते आणि मनगट वाकडं होतं, तो नकोच. खास डाव्या हातासाठी उभ्या पकडीचेही माउस मिळतात, लॉजिटेकचा लिफ्ट डाव्या हातासाठीही येतो, पण ते महाग, आधी साध्यावर शिका आणि मग गरज वाटली तर बघा.

वायर सीपीयूच्या मागून येत असेल तर ती डावीकडे ओढून घ्या, थोडी ढील ठेवा. वायर ताणलेली राहिली की माउस सारखा मागे खेचला जातो आणि हात नकळत जास्त जोर लावतो.

बटणं बदलायची का

सगळे आधी हेच विचारतात. बटणं बदलली नाहीत तर नेहमीचं क्लिक डाव्या हाताच्या मधल्या बोटाने करावं लागतं आणि तर्जनीखाली येतं ते राइट क्लिक. बदललीत तर तर्जनीने नेहमीचं क्लिक, म्हणजे उजव्या हाताचं आरशातलं रूप.

माझं मत असं, की कॉम्प्युटर फक्त तुमचा असेल, दुसरा कोणी बसत नसेल, तर बदला. तर्जनी हुशार असते, लवकर शिकते. पण तुमच्या मशीनवर आणखी कोणी बसत असेल, दुपारी मुलगा प्रोजेक्ट करत असेल, ऑफिसात दुसरी बाई बसत असेल, तर बदलू नका. रोज बदला-बदली करणं वैताग आहे आणि दुसऱ्याने बसल्या बसल्या क्लिक केलं की राइट क्लिकचा मेनू उघडतो, तो म्हणतो माउस बिघडला. मी बदलली नाहीत. मधल्या बोटाला साधारण आठवडा लागला. दुसरं कारण म्हणजे मी आता दोन माउस लावून ठेवते, एक डावीकडे, एक उजवीकडे, विंडोजला दोन्ही एकदम चालतात, पॉइंटर एकच राहतो. पण बटणं बदललीत तर ती दोन्ही माउसची बदलतात, म्हणजे उजवा हात गोंधळतो.

काहीही ठरवा, पण पहिल्या दिवशी ठरवा आणि मग महिनाभर तेच ठेवा. दर दोन दिवसांनी बदलत राहिलात तर बोटं काहीच शिकत नाहीत.

बदलायचं असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, तिथे ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, तिथे माउस, आणि वरतीच प्रायमरी माउस बटन असं लिहिलंय तिथे राइट करा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, माउस. केल्याक्षणी बटणं फिरतात, म्हणजे परत आणायचं असेल तर ते क्लिक दुसऱ्या बटणाने करावं लागतं, घाबरू नका.

बाकी सेटिंग, हे मात्र सगळ्यांनी करा

माउसच्या त्याच पानावर पॉइंटरचा वेग आहे, विंडोज ११ मध्ये १ ते २० असतो आणि मूळचा १० असतो. मी ६ वर आणला होता. कमी वेगात हात जास्त हलवावा लागतो पण नेम चुकत नाही, आणि सुरुवातीला नेमच महत्त्वाचा. दोन आठवड्यांनी ८, मग परत १०. एनहान्स पॉइंटर प्रिसिजन म्हणून एक टिक असते ती काढून टाका. ती असली की हात हळू हलवला तर पॉइंटर कमी जातो आणि पटकन हलवला तर तेवढ्याच अंतरात जास्त जातो, सरावलेल्या हाताला ते चालतं, नवीन हाताला अंतराचा अंदाजच बांधता येत नाही.

डबल क्लिकचा वेग कमी करा, नाहीतर दोन क्लिकमध्ये वेळ जातो आणि फाइल उघडायच्या ऐवजी नाव बदलायला उघडते. पॉइंटर मोठा करा, अॅक्सेसिबिलिटीमध्ये आहे ते. आणि कंट्रोल दाबला की पॉइंटरभोवती गोल दिसावेत अशी एक सोय आहे ती चालू करा, कारण पहिले काही दिवस पॉइंटर कुठे गेला हेच सापडत नाही.

डेस्कटॉपवरचे आयकॉन पण मोठे करा. पॉल फिट्स म्हणून एका मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की नेम धरायला लागणारा वेळ हा अंतर किती आणि निशाण केवढं यावर ठरतो, लांबचं आणि बारीक म्हणजे वेळ जास्त. तेव्हा नवीन हाताला मोठी आणि जवळची निशाणं द्या, हळूहळू लहान करत न्या. एक्सेलमध्ये झूम १३० टक्के करा, काही बिघडत नाही.

आता सराव

रोज दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. एकदम दोन तास बसू नका. रोज थोडं करून रात्री झोपलात की दुसऱ्या दिवशी हात आपोआप थोडा पुढे गेलेला असतो, हे मी स्वतः बघितलंय, संध्याकाळी न जमलेली गोष्ट सकाळी जमते.

पहिले दोन दिवस क्लिक करायचंच नाही. नुसता पॉइंटर फिरवा. एखादी विंडो अर्धी उघडा आणि तिच्या कडेवरून पॉइंटर चारी बाजूंनी न्या, हळू. मोठी हालचाल कोपरातून, बारीक हालचाल बोटांतून, मनगट टेबलावर दाबून ते डावी-उजवीकडे वाकवत बसू नका. इथे एक गंमत लक्षात येईल, पॉइंटर सरळ वर नेताय आणि तो तिरका डावीकडे सरकतोय. हात बिघडलेला नाहीये. माउस जास्त आत, पोटाकडे आलाय, त्यामुळे हाताबरोबर तो उजवीकडे तिरका झालाय, आणि तिरक्या माउसला तुमचं सरळ हे तिरकंच वाटतं. माउस थोडा बाहेर, खांद्यासमोर न्या, तोंड सरळ स्क्रीनकडे करा, लगेच सुधारतं. मला हे कळायला चार दिवस गेले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्लिक. विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडा आणि माउसनेच आकडे दाबा. मोठी बटणं, चुकलं तरी काही नुकसान नाही. मी डिझेलच्या जुन्या बिलांच्या बेरजा केल्या, लिटर गुणिले भाव, आणि बिलावरच्या रकमेशी जुळवून बघायचं, म्हणजे चुकलेलं क्लिक लगेच पकडलं जातं. क्लिक करताना माउस सरकतो का बघा, सरकत असेल तर घट्ट धरताय. अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली असावीत.

मग सॉलिटेअर. पत्त्यांचा तो खेळ १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर दिला होता तो याच्यासाठीच, की लोकांना धरून ओढणं शिकता यावं, तेव्हा माउसच सगळ्यांना नवीन होता. आपला डावा हात आज तिथेच आहे. रोज दोन डाव. ओढणं कठीण जातं कारण बटण दाबून धरायचं आणि हात सैल ठेवून हलवायचा हे एकदम करायचं असतं, आणि धरायचं म्हटलं की डावा हात पुन्हा नारळ धरायला जातो. अर्ध्यात पत्ता सुटतो, सुटू दे.

त्याच आठवड्यात पेंट उघडून अ, आ, इ काढा, मोठे. वाकडेतिकडे येतील. स्वतःचं नाव काढा आणि तारखेसकट सेव्ह करा, पंधरा दिवसांनी परत काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सगळ्यात शेवटी मजकूर सिलेक्ट करणं, दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर ठेवणं. याला मला तीन आठवडे लागले आणि अजूनही बारीक फाँट असेल तर वेळ लागतो. इथे शिफ्ट धरून बाणांच्या बटणांनी सिलेक्ट करा, उजवा हात तिथेच असतो.

खऱ्या कामावर कधी आणायचं

दुसऱ्या आठवड्यात, पण आधी ज्यात चूक झाली तरी चालेल अशी कामं. बातम्या वाचणं, सातबारा शोधणं, रेल्वेचं टाइमटेबल बघणं, ईमेल वाचणं. फोल्डर हलवणं, डिलीट करणं आणि बँकेचं पेमेंट पहिला महिना डाव्या हाताने करू नका, हे मी कळकळीने सांगते. माझ्याकडून एका बोटमालकांच्या अख्ख्या वर्षाचा फोल्डर ओढता ओढता सुटला आणि शेजारच्या फोल्डरात जाऊन पडला, मला कळलंच नाही, मी अर्धा तास रडकुंडीला येऊन शोधत होते. असं झालं तर दुसरं काही करायच्या आधी कंट्रोल झेड दाबा, फाइल्सच्या विंडोतही ते चालतं, हलवलेलं परत जागेवर येतं.

उजव्या हाताला काय काम

मला स्वतःला खरा फायदा इथे झाला. माउस डावीकडे गेला की उजवा हात आकड्यांच्या भागावर कायमचा बसतो. बिलं भरताना आधी माझा उजवा हात आकडे, माउस, आकडे, माउस असा दिवसभर ये-जा करायचा, आता तो जागचा हलत नाही, डाव्याने खाना निवडायचा आणि उजव्याने रक्कम टाकायची.

कॉपी-पेस्टची अडचण येते कारण कंट्रोल सी, कंट्रोल व्ही डाव्या हाताचे आहेत आणि तो हात माउसवर. तर उजवीकडे कंट्रोल आणि इन्सर्ट दाबलं की कॉपी होतं, शिफ्ट आणि इन्सर्ट दाबलं की पेस्ट, शिफ्ट आणि डिलीट म्हणजे कट. पण हे कट फक्त मजकुरावर वापरा, फाइल निवडलेली असताना शिफ्ट डिलीट दाबलंत तर ती रिसायकल बिनमध्ये न जाता कायमची जाते. हे नक्की लक्षात ठेवा.

टॅलीवाल्यांना तर माउस फार लागतच नाही, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस आणि सेव्हला कंट्रोल ए. जेवढं कीबोर्डवर होतं तेवढं कीबोर्डवरच करा.

आणि ज्या दिवशी दोन्ही हात नको म्हणतात त्या दिवशी 'माउस कीज' म्हणून सोय आहे, डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबा, मग आकड्यांच्या भागावरच्या ८, २, ४, ६ ने पॉइंटर हलतो आणि ५ ने क्लिक होतं. हळू आहे, पण अडलेलं काम होतं.

लोक बोलतात त्याचं

आपल्याकडे डाव्या हाताने काही केलं की लोकांचं लक्ष जातं. एक तांडेल काका, म्हणजे बोट चालवणारे मुख्य, हिशेबाला आले होते, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "डाव्या हातान कित्याक करतंस गो?" मी त्यांना पट्टा दाखवला आणि म्हटलं, "काका, तुम्ही वल्हं एकाच हाताने मारता काय?" ते म्हणाले, "ता पण खरां." पैसे मात्र मी उजव्या हातानेच देते-घेते, गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

दुखत असेल तर

रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाशी सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. माउस डावीकडे नेला की उजव्या हाताला आराम मिळतो हे खरं, पण तपासणी टाळायला तो उपाय नाही, मी महिनाभर टाळलं आणि दुखणं तेवढं वाढलं.

आणि सगळं काम एकदम डाव्या हातावर टाकू नका. मी पहिल्याच आठवड्यात उत्साहाने दिवसभर डाव्याने केलं आणि डावं कोपर धरलं, मग चार दिवस दोन्ही हात गप्प ठेवावे लागले. आता माझं असं आहे की सकाळी बिलं आणि टॅली असतं तेव्हा माउस डावीकडे, दुपारी जेवून आल्यावर उजवीकडचा धरते, लेटरहेड, पेटीवरची लेबलं वगैरे नाजूक काम अजून उजव्यानेच. अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन येते, पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा ती सुट्टी आपोआपच मिळते. शनिवारी दोन्ही माउस उलटे करून खालच्या गुळगुळीत पट्ट्यांवर जमलेला मळ कोरड्या फडक्याने पुसते, समुद्राकडच्या हवेत तो फार लवकर धरतो आणि माउस जड चालायला लागला की हात लगेच पुन्हा घट्ट धरायला लागतो.